घरच्या कढईत गाडीसारख्या शेजवान नूडल्स

घरी केलेल्या चायनीज नूडल्सबद्दल बहुतेकांची तक्रार एकच असते. चव बरी जमते, पण गाडीवरच्यासारखं काही होत नाही. मग सॉस वाढवला जातो, अजून एक बाटली आणली जाते, पुढच्या वेळी अजिनोमोटो पडतो. तरी ताटात पडतो तो मऊ, ओलसर, एकमेकांना चिकटलेला गिचका. माझंही कित्येक वर्षं असंच होत होतं. पाहुणे यायचे म्हणून एकदा आठ जणांच्या नूडल्स एकाच कढईत परतायला घेतल्या. पाच मिनिटांत कढईच्या तळाशी पाणी साचलं, कोबी शिजून पिवळट झाला आणि नूडल्स तुटून त्यांचा लगदा झाला. त्या दिवशी खरोखर वाईट वाटलं, कारण साहित्य चांगलं होतं आणि कष्टही केले होते.

उत्तर मिळालं ते ठाण्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी लागणाऱ्या गाडीपाशी उभं राहून. गाडीवरचा माणूस गर्दी कितीही असली तरी एका वेळी दोनच प्लेटी करायचा. त्याच्या नूडल्स उकडून, तेल लावून, टोपलीत मोकळ्या पसरलेल्या असायच्या. भाज्या कोरड्या. आच अशी की कढईत काही टाकलं की चर्र आवाज यायचा आणि तो आवाज शेवटपर्यंत थांबायचा नाही. सॉस तो आपल्यापेक्षा कमीच घालत होता. तेव्हा लक्षात आलं की फरक सॉसचा नसून पाण्याचा आहे. नूडल्समधलं पाणी, भाजीतलं पाणी, सॉसमधलं पाणी, सगळं उडून जाईल इतकी उष्णता कढईत हवी, नाहीतर पदार्थ परतला जात नाही, वाफवला जातो. खाली जे काही सांगणार आहे त्यातल्या जवळपास प्रत्येक सूचनेमागे हेच एक कारण आहे.

ही चव आपलीच आहे

करायला घेण्याआधी थोडं या पदार्थाच्या घराण्याविषयी, कारण त्यावरून काय घालायचं आणि काय नाही हे ठरतं. हे जेवण चीनमधलं नव्हे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून चिनी माणसं कोलकात्यात येऊन राहिली. टिरेटा बाजार आणि पुढे टांग्रा इथे त्यांची वस्ती वाढली. टांग्रातले बरेच जण हक्का समाजाचे, चामडं कमावण्याच्या धंद्यातले. त्यांच्या खानावळींत सोया सॉस आणि व्हिनेगरच्या जोडीला हिरवी मिरची, आलं, भरपूर लसूण आले आणि भारतीय जिभेला रुचेल असं नवं जेवण तयार झालं. पाकिटावर ‘हक्का नूडल्स’ लिहिलेलं असतं ते या समाजाच्या नावावरून. कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वाँग यांनी १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये पहिलं मंचुरियन केलं असं सांगितलं जातं. त्यात आलं, लसूण, हिरवी मिरची ही आपली सुरुवात, आणि गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर. आलं-लसूण-मिरची आणि सोया सॉस ही जोडी आपल्या नूडल्समध्येही चालते.

‘शेजवान’ हे नाव चीनच्या सिचुआन प्रांताचं. तिथल्या तिखटाची खूण म्हणजे जिभेला झिणझिण्या आणणारी तिथली एक मिरी. आपल्या शेजवान चटणीत ती नसतेच. आपली चटणी म्हणजे सुकी लाल मिरची आणि लसूण, बस. गंमत अशी की त्या मिरीचं जवळचं नातलग आपल्याकडे कोकणात आहे: तिरफळ. बांगड्याच्या तिखल्यात घालतात तेच. दोन्ही झाडं एकाच कुळातली. कधीतरी चटणीच्या तेलात दोन तिरफळांची सालं (आतली काळी बी काढून) टाकून बघा. गाडीची चव येणार नाही, पण जी येते ती मला फार आवडते.

आधी चटणी करून ठेवा

विकतची शेजवान चटणी चालते. पण तिच्यात मीठ आणि आंबटपणा बराच असतो, त्यामुळे तिखट वाढवायला गेलं की नूडल्स खारट होतात. घरची चटणी एकदा केली की तिखट किती हे आपल्या हातात राहतं. नूडल्सच्या आदल्या दिवशी करून ठेवली तर अधिक चांगली, ती मुरते.

मिरच्या दोन प्रकारच्या घ्या. रंगासाठी वीस बेडगी किंवा काश्मिरी, आणि तिखटपणासाठी पाच-सहा लवंगी किंवा गुंटूर. नुसत्या बेडगीची चटणी लालबुंद दिसते पण तिखट लागत नाही. नुसत्या लवंगीची तोंड भाजते आणि रंग फिका येतो. मिरच्यांचे देठ काढा, मधोमध मोडून बिया झटका. बियांमुळे चटणी कडवट आणि खरबरीत होते म्हणून त्या काढायच्या. खरं तिखट असतं ते बियांना धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या शिरेत, तेव्हा बिया काढल्या म्हणून तिखट फारसं कमी होईल असं समजू नका.

उकळतं पाणी ओतून मिरच्या अर्धा तास झाकून ठेवा. मऊ झाल्या की भिजवलेलं पाणी चार-पाच चमचेच घालून मिक्सरमध्ये बारीक वाटा. इथे पाणी जास्त झालं तर नंतर ते आटवण्यात वेळ जातो आणि चटणी चारी बाजूंना उडत राहते.

पंचवीस लसूण पाकळ्या आणि दोन इंच आलं सुरीने बारीक चिरा. वाटू नका. वाटलेल्या लसणाचं पाणी सुटतं, तो तेलात चिकटतो आणि लगेच करपतो. चिरलेल्या लसणाचे कण चटणीत दाताखाली येतात, तेच हवे असतात.

जाड बुडाच्या कढईत पाऊण वाटी तेल घ्या. आकडा वाचून हात आखडतो, पण तेल कमी घातलं तर चटणी कच्चट राहते आणि टिकतही नाही. शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं रिफाइंड तेल चांगलं. तेल मध्यम तापलं की लसूण टाका आणि मंद आचेवर ढवळत राहा. कडा जरा सोनेरी व्हायला लागल्या की लगेच आलं, आणि मिनिटभराने मिरचीचं वाटण. लसूण पूर्ण तांबूस होईपर्यंत थांबलात तर चटणी कडू होईल, आणि तो कडूपणा साखरेने जात नाही.

वाटण घातलं की खिडकी उघडा, पंखा लावा. मिरचीचा ठसका लागतोच. घरात लहान मूल किंवा दम्याचं कोणी असेल तर स्वयंपाकघराचं दार लावून घ्या. मंद आचेवर दहा-बारा मिनिटं परता. आधी चटणी फेसाळ दिसते, मग घट्ट होते, आणि शेवटी कडेने लाल तेल सुटतं. तेल सुटलं म्हणजे मिरची शिजली, पाणी गेलं. आता एक मोठा चमचा सोया सॉस, दोन छोटे चमचे साखर, एक छोटा चमचा मीठ, अर्धा छोटा चमचा मिरपूड. गॅस बंद करून दोन मोठे चमचे व्हिनेगर. हवं असेल तर एक मोठा चमचा टोमॅटो केचप, त्याने चव जरा गोलसर होते. सेलरीची एखादी काडी मिळाली तर बारीक चिरून आल्याबरोबर घाला. नसली तर कोथिंबिरीचे कोवळे देठ घ्या, मी बहुतेक वेळा तेच घालते.

पूर्ण गार झाल्यावर कोरड्या काचेच्या बरणीत भरा आणि थेट फ्रिजमध्ये ठेवा. लसूण तेलात बुडवून बाहेर ओट्यावर ठेवणं धोक्याचं आहे. हवा न लागणाऱ्या अशा ठिकाणी अन्नात विष तयार करणारे जंतू वाढू शकतात, आणि वासावरून ते कळत नाही. फ्रिजमध्ये ठेवून आठवडाभरात संपवा. प्रत्येक वेळी चमचा कोरडा हवा.

मिरच्या हाताळल्यावर हातांची आग होते ती नुसत्या पाण्याने जात नाही, कारण मिरचीतला तिखट घटक पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. आधी थोडं तेल चोळा, मग साबणाने धुवा.

नूडल्स उकडणं, म्हणजे अर्धं काम

तीन जणांसाठी २०० ग्रॅम सुक्या नूडल्स घ्या. पाकिटावर हिरवा ठिपका आहे का ते पाहा, काही नूडल्समध्ये अंडं असतं. मसाल्याची पुडी असलेल्या दोन मिनिटांच्या नूडल्स इथे उपयोगाच्या नाहीत. त्या आधीच शिजवून तळलेल्या असतात, परतताना लगेच मऊ पडतात. गव्हाच्या पिठाच्या नूडल्स चालतात, पण मैद्याच्या नूडल्सइतक्या चिवट नसतात, म्हणून त्या मिनिटभर आधीच उतरवायच्या.

मोठ्या पातेल्यात दोन लिटर पाणी खळखळून उकळवा. पाणी कमी घेणं ही फार सर्रास होणारी चूक आहे. थोड्या पाण्यात नूडल्सचं पीठ सुटून ते खळीसारखं होतं आणि त्याच खळीने त्या एकमेकांना चिकटतात. दीड छोटा चमचा मीठ घाला. पाण्यात तेल घालायची पद्धत आहे. त्याने फेस उतू जात नाही हे खरं, पण चिकटणं थांबतं ते भरपूर पाण्याने आणि ढवळण्याने. नूडल्स न मोडता टाका. अर्ध्या मिनिटात वडी सैल होते, तेव्हा काट्याने किंवा चिमट्याने हलक्या हाताने सोडवा.

पाकिटावर जी वेळ दिली असेल त्यापेक्षा एक मिनिट आधी एक तार काढून बघा. पातळ हक्का नूडल्सना साधारण तीन ते पाच मिनिटं लागतात. तार बोटांत दाबून तोडली की मध्यभागी टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका दिसला पाहिजे. म्हणजे त्या वेळी त्या अगदी जराशा कच्च्या आहेत. उरलेलं शिजणं कढईत होणार आहे. पातेल्यातच पूर्ण शिजल्या तर कढईत त्यांचं काहीच करता येत नाही.

लगेच चाळणीत ओता आणि वरून गार पाणी सोडा. त्याने शिजणं थांबतं आणि वरचं सुटं पीठ धुऊन जातं. हाताने वरखाली करा म्हणजे मधला भागही गार होईल, नाहीतर आतल्या नूडल्स स्वतःच्याच वाफेवर शिजत राहतात.

आता जी पायरी बहुतेक जण गाळतात ती. चाळणी दहा मिनिटं निथळू द्या. मग परातीत स्वच्छ सुती पंचा अंथरून त्यावर नूडल्स पसरा आणि पंख्याखाली ठेवा. वीस मिनिटांनी हात लावला तर ओल लागता कामा नये. त्यानंतर दोन छोटे चमचे तेल बोटांनी चोळून मोकळ्या करा. वेळ असेल तर झाकून दोन-तीन तास फ्रिजमध्ये ठेवा, त्याने अजून कोरड्या आणि घट्ट होतात. संध्याकाळी करायच्या असतील तर दुपारीच उकडून ठेवणं मला सगळ्यात सोयीचं वाटतं.

भाज्या

२०० ग्रॅम नूडल्सना साधारण ३०० ग्रॅम भाजी पुरे. लांब पातळ चिरलेला कोबी दीड वाटी, एक गाजर काडेपेटीच्या काड्यांसारखं, एक ढोबळी मिरची उभी चिरून, आठ-दहा फरसबीच्या शेंगा तिरक्या आणि अगदी पातळ, एक कांदा उभा, पातीच्या कांद्याच्या पाच-सहा काड्या. पातीचा पांढरा भाग आणि हिरवी पात वेगवेगळी ठेवा. शिवाय आठ लसूण पाकळ्या आणि दोन हिरव्या मिरच्या बारीक चिरून.

सगळ्या भाज्या लांबट चिरायच्या याला कारण आहे. नूडल्स लांब, भाजी लांब, म्हणजे दोन्ही एकमेकांत गुंततात आणि प्रत्येक घासात येतात. चौकोनी तुकडे कढईच्या तळाशी जाऊन बसतात. गाजर आणि फरसबी इतर भाज्यांपेक्षा बारीक चिरा, कारण त्यांना शिजायला वेळ लागतो आणि आपल्याकडे वेळ फक्त तीन-चार मिनिटांचा आहे.

भाज्या चिरण्याआधी धुवा आणि पुसून घ्या. चिरल्यावर धुतलेला कोबी पाणी धरून ठेवतो, तो कढईत गेला की पाच चमचे पाणी ओतल्यासारखं होतं. भाज्यांवर आधी मीठ घालू नका, मिठाने पाणी सुटतं. मश्रूम घालायचे तर ते वेगळे परता, पाणी पूर्ण आटेपर्यंत, आणि बाजूला काढा. पनीर किंवा टोफूही वेगळा, चारी बाजूंनी लालसर करून. मुगाचे लांब मोड असतील तर शेवटच्या मिनिटाला, नुसते गरम होण्यापुरते.

सॉस वाटीत मिसळून ठेवा

एकदा कढई तापली की बाटल्यांची झाकणं उघडायला वेळ मिळत नाही. म्हणून एका वाटीत आधीच मिसळा: शेजवान चटणी तीन मोठे चमचे, सोया सॉस एक मोठा चमचा, हिरव्या मिरचीचा सॉस एक छोटा चमचा, साखर अर्धा छोटा चमचा, पांढरी किंवा काळी मिरपूड अर्धा छोटा चमचा. मोठा चमचा १५ मिलिलिटरचा आणि छोटा ५ मिलिलिटरचा. तिखट कमी हवं असेल तर चटणी दोनच चमचे. व्हिनेगर दीड छोटा चमचा, तो मात्र वेगळा ठेवा. रंग गडद हवा असेल तर डार्क सोया सॉसचा एक छोटा चमचा. तो चवीपेक्षा रंगासाठी असतो, जास्त पडला तर नूडल्स काळ्या आणि कडवट होतात.

मीठ या वाटीत घालू नका. सोया सॉसमध्ये भरपूर असतं, चटणीत आहे, नूडल्सच्या पाण्यातही होतं. शेवटी चाखून लागलंच तर चिमूटभर.

अजिनोमोटोविषयी सगळे विचारतात. हे मुळात कंपनीचं नाव, पदार्थ म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट. १९०८ साली जपानमधले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी कोम्बू नावाच्या समुद्री शेवाळाच्या रस्स्यातून ही चव वेगळी काढली. टोमॅटो, मश्रूम, सोया सॉस यांतही ग्लुटामेट निसर्गतःच असतं. स्वयंपाकातल्या थोड्या प्रमाणात ते सुरक्षित मानलं जातं. घालायचं असेल तर एवढ्या नूडल्सना पाव छोटा चमचा पुरे आणि तेवढं मीठ कमी. मी घालत नाही, कारण घरच्या चटणीतला लसूण आणि सोया सॉस यांनी मला चव पुरते. गाडीची चव केवळ त्यानेच येते हा समज मात्र खरा नाही.

कढई आणि आच

सगळ्यात चांगली लोखंडी कढई, रुंद आणि पसरट. आपल्या घरात भाकरीचा तवा जसा तयार झालेला असतो तशी तेल पिऊन काळी झालेली कढई असेल तर नूडल्स चिकटत नाहीत आणि एक खरपूस वास येतो. स्टीलची जाड बुडाची चालते, पण तेल घालण्याआधी ती चांगली तापलेली हवी. नॉनस्टिक मात्र या कामाला वापरू नका असंच मी सांगेन. साधारण २६० अंशांच्या पुढे त्यावरचा थर खराब व्हायला लागतो, आणि रिकामी कढई मोठ्या आचेवर ठेवली तर तेवढी तापायला फार वेळ लागत नाही. तेच भांडं घरात असेल तर रिकामं तापवू नका, तेल घालूनच मध्यम-मोठ्या आचेवर काम करा आणि घाणे अजून लहान घ्या.

घाणे म्हणजे काय ते आता नीट सांगते. गाडीवरच्या बर्नरची आच घरच्या शेगडीच्या कितीतरी पट असते. आपण ती वाढवू शकत नाही. पण कढईत जाणारा माल कमी करू शकतो. म्हणून २०० ग्रॅम नूडल्स दोन घाण्यांत करायच्या: अर्ध्या भाज्या, अर्ध्या नूडल्स, अर्धा सॉस, मग पुन्हा तेच. एकूण दहा मिनिटांचं काम आहे. चार-पाच माणसं असतील तर तीन-चार घाणे होतील, आणि तेही चालेल. ही एक गोष्ट पाळलीत तर बाकीच्या दोन-तीन चुका झाल्या तरी नूडल्स खाण्यासारख्या होतात.

परतणं

सगळं हाताशी आणि क्रमाने मांडून ठेवा. सर्वांत मोठ्या बर्नरवर रिकामी कढई ठेवा आणि आच पूर्ण करा. पाण्याचा थेंब टाकला तर तो गोळी होऊन नाचला पाहिजे. दीड मोठा चमचा तेल घाला, कढई फिरवून कडांपर्यंत पसरवा. तेलातून धुराची पहिली रेघ दिसली की अर्धा लसूण आणि अर्धी हिरवी मिरची. दहा सेकंद, यापेक्षा जास्त नाही. लसणाचा रंग बदलण्याआधी कांदा आणि पातीचा पांढरा भाग घाला. अर्धा मिनिट.

मग फरसबी आणि गाजर, एक मिनिट. सतत हलवू नका. दहा-बारा सेकंद तसंच राहू द्या म्हणजे कडांना डाग पडतील, मग उलटा. ते तपकिरी डाग म्हणजेच खमंगपणा. त्यानंतर कोबी आणि ढोबळी मिरची, पाऊण मिनिट. कोबी जरा चमकायला लागला पण करकरीत आहे, तिथे थांबा. या सगळ्या वेळात चर्र आवाज चालू आहे का ते ऐका. आवाज मंदावून बुडबुड व्हायला लागला तर पाणी सुटलंय. तेव्हा पुढचं काही न घालता भाज्या कडांवर पसरा आणि मधोमध पाणी आटू द्या.

भाज्या एका बाजूला सारा आणि मोकळ्या झालेल्या तळावर सॉसच्या वाटीतला अर्धा भाग ओता. थेट तापलेल्या लोखंडावर पडला की पाच-सात सेकंदांत तो उकळून घट्ट होतो, कच्चा वास जातो. नूडल्सवर वरून ओतला तर तो त्यांच्यात शोषला जातो आणि कच्चाच राहतो. आता अर्ध्या नूडल्स घाला.

ढवळू नका, उचला. दोन्ही हातांत एकेक उलथनं किंवा लाकडी चमचा घ्या, दोन्ही बाजूंनी खाली घाला, वर उचला आणि सोडून द्या. कोशिंबीर हलक्या हाताने कालवतो तसं. गोल गोल ढवळलं की नूडल्स तुटतात. दीड-दोन मिनिटांत सगळ्या तारांना सारखा रंग लागतो. मध्ये एकदा पंधरा-वीस सेकंद कढई तशीच सोडा, तळाच्या नूडल्स जरा खरपूस होऊ द्या, मग उलटा.

चाखा. मीठ लागेल तर घाला. आता व्हिनेगर, पण नूडल्सवर नाही, कढईच्या तापलेल्या कडेवरून गोल फिरवत. व्हिनेगरचा आंबट वास उष्णतेने लवकर उडून जातो, म्हणून तो शेवटी, आणि थोडाच. हिरवी पात घालून दोनदा उचला आणि लगेच ताटात काढा. गॅस बंद करून कढईतच ठेवल्या तर लोखंडाच्या उष्णतेने त्या शिजत राहतात. कढई कोरड्या फडक्याने पुसा, पुन्हा तापवा आणि दुसरा घाणा.

बिघडलं तर

पाणी सुटून गिचका व्हायला लागला तर झाकण ठेवू नका, ढवळू नका. अर्धा माल बाहेर काढा, आच मोठी ठेवून उरलेला अर्धा पसरून कोरडा करा. पूर्ण वाचणार नाही, पण खाण्याजोगा होईल.

फार तिखट झालं तर पाणी घालू नका. परतलेला कोबी आणि उकडलेल्या साध्या नूडल्स मिसळा, चिमूटभर साखर घाला. खारट झालं तरी हाच उपाय. यासाठी मूठभर उकडलेल्या नूडल्स नेहमी बाजूला ठेवाव्यात. कडू लागलं तर लसूण करपलाय, त्याला उपाय नाही, कढई धुऊन नव्याने सुरुवात करावी. फिकं वाटलं तर अजून सॉस ओतण्याआधी चिमूटभर मीठ आणि दोन थेंब व्हिनेगर घालून चाखा. बहुतेकदा कमी असतो तो आंबटपणा.

चातुर्मासात कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी चटणीत लसणाऐवजी आलं दुप्पट, सेलरी किंवा कोथिंबिरीचे देठ आणि मिरपूड वाढवा. चव वेगळी होते, पण मिरची तेलात नीट शिजली असेल तर कमतरता जाणवत नाही. कोबी आणि ढोबळी मिरची जरा जास्त डाग पडेपर्यंत परता, कांद्याचा गोडवा तिथून मिळतो.

उरलेल्या नूडल्स गार झाल्या की दोन तासांच्या आत डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. गरम करताना पुन्हा कढई तापवून, अर्धा चमचा तेलावर थोड्या थोड्या परता. मुलांच्या डब्यात द्यायच्या असतील तर पूर्ण गार झाल्यावरच झाकण लावा, नाहीतर झाकणाला आतून वाफ धरते आणि ते पाणी पुन्हा नूडल्सवर पडतं. उकडून उरलेल्या, सॉस न लागलेल्या नूडल्स असतील तर त्यांना दोन चमचे कॉर्नफ्लोअर चोळा आणि गरम तेलात थोड्या थोड्या तळा. कुरकुरीत झाल्या की चिरलेला कोबी, कांदा, पात आणि दोन चमचे हीच शेजवान चटणी घालून कालवा. चायनीज भेळ तयार. ती मात्र कालवल्याबरोबर खायला बसा.